बारवीहून पाऊण तास

किसनच्या टुरिस्ट मॅटाडोरला पंख्यांसाठी दुसरी बॅटरी आणि टपावर सोलर पॅनल मीच बसवलं. शहाण्णव साली कॅम्प पाचमध्ये हे काम दुसरं कोणी करत नव्हतं.

"भगवानदादा, मधे स्विच टाक ना. पंख्यांनी इंजिनची बॅटरी उतरायला नको," तो म्हणाला.

"एक फेरी मारून ये, मग टाकतो," मी म्हणालो आणि दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडून दिल्या.

बारवी धरणावर दुपारी चारला त्याच्या छातीत कळ आली. सकाळपासून पंखे चालू होते. पॅसेंजरांनी सेल्फ मारून मारून पाहिला, गाडी स्टार्ट झालीच नाही.

किसन तिथेच गेला. गाडी भंगारात गेली, पॅनल फुटलं. ती दुसरी बॅटरी माझ्या टेबलावर आहे, तिला फक्त एक मीटर जोडलाय. रोज चारला त्याचा काटा झपकन पडतो, कोणी सेल्फ मारल्यासारखा.

आज राहवलं नाही. किसनने मागितलेला तो स्विच मी बॅटरीला लावला.

चारला काटा पडला. मग हळूहळू चढला आणि चार्जिंगवर स्थिर झाला. इंजिन चालू असलं की होतो तसा.

बारवीहून इथे यायला पाऊण तास लागतो. दुकानासमोरची स्कूटर हलवून मी जागा केली आहे.