मनकर्णाबाईचा हंडा

डॉक्टरबाईंनी मनगटावरची गाठ दाबली, तशी मनकर्णाबाई कळवळली. बोराएवढी झाली होती मेली!

"क्यान्सर तर नाय ना, बाई?"

"छे हो, मावशी. सांध्यातलं पाणी साठून गाठ झालीय. कधी कधी आपोआप जिरते. सुईनं पाणी काढता येतं, पण पुन्हा भरू शकते. फारच त्रास झाला तर ऑपरेशन. जड काय उचलता?"

"हंडा. टँकरवरचा."

"त्यानं दुखणं वाढतंय. मनगटाला पट्टा लावा, अन् पाणी दुसऱ्या कुणाला तरी भरू द्या."

क्यान्सर नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणी देवापुढं नारळ फोडला असता. मनकर्णाबाईला मात्र रडू फुटलं.

लागोपाठच्या दुष्काळात गावाकडची विहीर आटली, तसं सुदर्शननं आईला शहरात, मुकुंदवाडीला आणलं. तो चितेगावच्या कंपनीत, सून तनुजा क्रांती चौकातल्या बँकेत. दिवसभर घर खायला उठायचं. शहर चहूकडं वाढलंय म्हणतात, पण दोन शब्द बोलायला माणूस मिळेल तर शपथ! टँकरच्या रांगेत मात्र भांडणं, चेष्टा, सुनांची गाऱ्हाणी, सगळं मिळायचं. तिथं जीव रमायचा. नंबर आला तरी मनकर्णाबाई मागच्या बाईला म्हणायची, "जा गं तू म्होरं, तुझी लेकरं वाट बघत असतील." घरी जाताना अर्धा हंडा वाटेवरच्या थकलेल्या लीलाबाईच्या पिंपात ओतायची.

"आई, हाताला काय झालं?" संध्याकाळी सुदर्शननं विचारलं.

"काय नाय. वात आसंल."

दुसऱ्या दिवशी ती पट्टा पदराखाली झाकून रांगेत आली. हंडा डाव्या हातात. पण रांगेतल्या तोंडाळ गोजरबाईच्या नजरेतून काय सुटतंय! तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंचं बोलणं सांगावंच लागलं.

"मग झालं तर," गोजरबाई म्हणाली. "उद्यापासनं हंडा आणू नका."

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले. "आसं नका म्हनू, गोजरबाई. डाव्या हातानं भरते मी. अर्धाच भरते. पण मला रांगेतून काढू नका."

गोजरबाई दगडावर जरा सरकली. तिनं मनकर्णाबाईला धरून शेजारी बसवलं.

"काढतंय कोण? रिकाम्या हातानं या, अन् बसा हितं. तुमच्या बिल्डिंगीत नळाला चोवीस तास बोअरचं पाणी हाये, हे आमाला पहिल्या दिसापासनं म्हाईत हाये."