ओटोच्या रक्तातला आकडा

"बेचाळीसवरून तेहतीस!" मेरेतेने टेबलावर बोट आपटलं. "माझ्याकडच्या आठवड्यानंतर बेचाळीस, लासेकडच्या आठवड्यानंतर तेहतीस. उपाशी ठेवतो तो याला. आणखी काय पुरावा हवा?"

पुरावा हवा होता तो तिलाच. लवकरच कोर्टाची तारीख होती. घटस्फोट झाल्यापासून मुलगी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. आणि सायकलच्या पुढच्या खोक्यात बसून तिचा ससा ओटोही तिच्यासोबत. ज्याला साधा ससा सांभाळता येत नाही, त्याच्याकडे मुलगी कशी ठेवायची, असा मेरेतेचा सरळ हिशोब. एकदा संशय घ्यायचाच म्हटल्यावर सशाच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे उपासमारीत घटणारं एक प्रथिनही पुरतं.

डॉर्थे ओडेन्स शहरात कितीतरी वर्षं जनावरांवर उपचार करत होती. तिने ओटोच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागत नव्हत्या. नऊ वर्षांची सोल्वाय त्याचे कान धरून शेजारी उभी होती.

"मागचा आकडा आमच्या यंत्राचा. या वेळी ते बिघडलं होतं, म्हणून रक्त बाहेर तपासायला पाठवलं. त्यांची पद्धत वेगळी. आमच्या यंत्रातला रंग सशाच्या रक्तात इतर प्रथिनांनाही चिकटतो, आकडा फुगतो. आज यंत्र दुरुस्त झालं. फ्रिजमध्ये त्याच नळीतलं थोडं उरलं होतं, ते तपासलं."

"मग?"

"एक्केचाळीस. ओटो ठणठणीत आहे, मेरेते."

मेरेतेने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"लासेने तुला फोन केला होता?"

"काहीतरीच काय!"

"बरं. मग दोन्हींतलं खरं कोणतं?"

"खऱ्याच्या जवळ तेहतीसच. पण त्यांच्या पद्धतीत तेहतीस म्हणजे आमचं एक्केचाळीसच, आणि—"

"झालं तर! तेवढंच लिहून दे. यंत्राबिंत्राचं नको."

"लिहीन तर दोन्ही लिहीन," डॉर्थे म्हणाली. तिला आता राग आला होता.

मेरेते काही बोलायच्या आत सोल्वायने स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर, ओटोच्या शेजारी ठेवला.

"मीपण बाबाकडेच होते," ती म्हणाली. "माझंही रक्त घे, डॉर्थे. पण तुझ्याच यंत्रात घाल हं."