जाऊन-येऊन हजार

"नापास," क्लबचे प्रमुख मल्हारण्णा म्हणाले आणि प्रवासाचं कार्ड टेबलावर सरकवलं.

गिरीराज उभाच होता. बसवत नव्हतं. काल पहाटे त्यानं इथूनच यझदीला किक मारली होती, इंदिरानगरातल्या याच गॅरेजसमोरून, आणि रात्री दहाला इथंच येऊन उतरला होता. बंगळूर ते बेळगाव, बेळगाव ते बंगळूर. एका दिवसात हजार किलोमीटर. मोटरसायकल क्लबच्या फळ्यावर अशी तीनच नावं होती. चौथं आज लागणार होतं. त्या फळ्याचा फोटो काढून बेळगावला धाडायचा होता. रोल भरलेला कॅमेरा मांडीवर घेऊन त्याची बायको मुग्धा स्टुलावर बसली होती.

"नापास कसं? मीटर बघा. शिक्के मोजा."

"सगळं बघितलं. हजाराला चार जास्तच आहेत. आता तूच वाच."

*तारीख: १२ फेब्रुवारी १९९४. सुटण्याची वेळ: ४.०५.*

*चित्रदुर्ग: ७.३०. साक्षीदार: पंपवाला. नातं: नाही.*

चहा उभ्यानं. हातमोजे न काढता.

*हावेरी: १०.१५. साक्षीदार: टायरवाला. नातं: नाही.*

हावेरीच्या अलीकडं एका ट्रकनं त्याला रस्त्याखाली घातलं होतं. तो शिव्या देतच वर आला. शिव्या ट्रकला नव्हत्या. पाचशे किलोमीटर तो एकाच माणसाशी भांडत होता.

त्या माणसाची दोन वाक्यं. पहिलं चार वर्षांपूर्वीचं, औषधांच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडून, गिरीराज मुग्धाला मागणी घालायला गेला तेव्हा. "सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही, अशा घरी आम्ही मुलगी देत नाही." दुसरं लग्नानंतर पत्रानं आलं. "त्या माणसाशी आमचं काही नातं नाही." खाली सही: भगवंतराव. मुग्धाचे वडील.

क्लबचा नियम सहावा गिरीराजला पाठ होता. साक्षीदार नातेवाईक चालत नाही. म्हणूनच तर. इतका बिननात्याचा साक्षीदार अख्ख्या बेळगावात दुसरा सापडला नसता. लेखी पुरावा होता तसा.

*बेळगाव: १.१०.*

तो हेल्मेट घालूनच दुकानात शिरला. कार्ड काउंटरवर आपटलं.

"चारला बंगळूर सोडलं. रात्री दहाला परत पोचतो. येता येत नाही म्हणाला होतात ना? करा सही!"

भगवंतरावांनी घड्याळाकडं पाहिलं. बाहेरच्या गाडीकडं पाहिलं. चष्मा पुसला.

"जेवलास?"

"वेळ नाही."

त्यांनी ओआरएसची एक पुडी काउंटरवर ठेवली. पेनचं टोपण काढलं. लिहिताना हात थांबला, बराच वेळ थांबला.

"लवकर करा की हो!"

शिक्का पडला. गिरीराजनं कार्ड हिसकावलं, न बघता जाकिटात कोंबलं आणि किक मारली. पुडी तिथंच राहिली.

रात्री मुग्धानं एवढंच विचारलं होतं, "बाबा कसे दिसले?"

"बघितलं नाही," तो म्हणाला होता.

"पुढं वाच," मल्हारण्णा म्हणाले.

*साक्षीदाराचं रायडरशी नातं:*

सगळं कार्ड इंग्रजीत होतं. हा एकच शब्द मराठीत.

*सासरा.*

गिरीराजनं ऑइलचा डबा लाथेनं उडवला.

"मुद्दाम! मुद्दाम केलं म्हाताऱ्यानं! चार वर्षं मी कोण नव्हतो. पत्र नाही, फोन नाही. दिवाळीला हिनं धाडलेलं पार्सल परत आलं. आणि काल नेमकं नातं आठवलं! माझे हजार किलोमीटर मातीत घालायला!"

"कसला रे तू," मल्हारण्णा हसू दाबत म्हणाले. "लोक हजार किलोमीटर जाऊन शिक्का आणतात. तू सासुरवाडी आणलीस."

"हसू नका, अण्णा!"

"सरी, सरी, बरं बाबा. ओरडू नको." त्यांनी खिशातलं पेन काढून पुढं केलं. "खोड ते. इतरांसारखं 'नाही' लिही. मी तिकडं बघतो. फळ्यावर नाव आत्ता लावू."

गिरीराजनं पेन घेतलं. टोक त्या शब्दावर टेकवलं.

"थांबा," मुग्धा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं कार्ड त्याच्या हाताखालून काढून घेतलं आणि उजेडात धरलं. "शिक्का कुठं मारलाय बघितलंत?"

"असेल कुठंतरी."

"बाबा शिक्का नेहमी सहीवर मारतात. हा त्या शब्दावर मारलाय." तिचा आवाज चढला. "तुमच्यासारखं कुणीतरी रागानं खोडेल म्हणून!"

दुकानाचं नाव, गल्ली, परवाना नंबर. निळ्या शाईचा अख्खा गोल 'सासरा'वर बसला होता. हललेला नव्हता.

गॅरेजात ऑइल पसरत चाललं होतं. गिरीराजनं पेनला टोपण लावलं. कान अजून लालच होते.

"पुढच्या शनिवारी परत जातो," तो म्हणाला. "विचारतोच त्यांना."

"जा की." मल्हारण्णांनी ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं. "किती लिहू? हजारच ना?"

गिरीराजनं मुग्धाकडं पाहिलं.

"पाचशे," तो खेकसला. "आणि माणसं दोन."