आलमारीतला टॅब

नत्थुजींनी आलमारी उघडली, साड्यांच्या घड्यांमागून टॅब काढला आणि त्याभोवतीचा टॉवेल सोडवून तो मॅडमपुढे धरला.

"पाहा मॅडम, दिवाळीच्या आंधी तुमी देला तसाच हाय. काचेवरचा कागदबी काढू नाही देला मी कोनाले."

म्हाताऱ्यानं तळहाताच्या फोडासारखा जपला होता तो. आता शाबासकी मिळणार, अशी त्यांची पक्की समजूत. गीतांजली मॅडमनी मात्र कपाळाला हात लावला. अचलपूरच्या विशेष शाळेतून त्या स्कूटीवर याच कामासाठी आल्या होत्या. नत्थुजींच्या नातीला, आचलला, बोलता येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तिच्या वतीनं बोले, म्हणून तर शाळेनं तो घरी दिला होता.

"आबा, हा जपून ठेवायला नाही दिला. वापरत नसाल तर मला परत न्यावा लागेल. दुसरं एक लेकरू वाट पाहत आहे."

नत्थुजी दचकले. पोरीची वस्तू आपल्याच शहाणपणापायी चालली!

"नेऊ नका मॅडम. तिचे हात थरथरते, लाळ पडते. फुटला असता तं दुसरा कोनं देला असता?"

मॅडमनी टॅब सुरू केला आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आचलच्या मांडीवर ठेवला.

"आचल, हवा आहे का तुला हा?"

"पायजे ना! पायजे कसा नाही?" नत्थुजी म्हणाले.

"शाळेत छान चालवायचीस. आठवतंय अजून?"

"आठवते तिले. लय हुशार हाय."

"आबा, मी तिला विचारतेय."

"तिच्या मनातलं मले समजते ना. समद्याइले मीच सांगत असतो."

आचलचा हात हवेत भरकटला आणि टॅबऐवजी खुर्चीच्या दांड्यावर आपटला. नत्थुजी तिचं बोट धरायला धावले.

"थांबा ना मामाजी, करू द्या तिले," दारातून सून रागिणी म्हणाली.

आचलनं पुन्हा हात उचलला. या वेळी बोट काचेवर टेकलं.

"आबा," टॅब बोलला.

नत्थुजींचे डोळे भरून आले. "पाहा मॅडम, मलेच आवाज देते!"

आचलनं जोरात मान हलवली आणि दुसरं चित्र शोधलं.

"चूप."

मग बऱ्याच खटपटीनंतर तिसरं.

"माझं."

नत्थुजींना चूप म्हणायची छाती गावात कुणाचीच नव्हती. रागिणीनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मॅडमना तेही जमलं नाही. आचल तर खुर्ची हलेपर्यंत हसली.

"राहू द्या टॅब हिच्याकडेच," मॅडम म्हणाल्या, तेव्हा कुठे नत्थुजींचा जीव भांड्यात पडला. काचेवरचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं टरकन ओढून काढला.

मॅडमची स्कूटी गेली, तसे शेजारचे शेषराव ओट्याशी आले. रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, "काय नत्थुजी, कशी हाय पोरगी?"

नत्थुजींनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. उठून त्यांनी आचलची खुर्ची शेषरावांकडे वळवली.

"मले काय इचारतं? तिले इचार."