गुडघ्याखालची उशी

चर्चच्या पायऱ्या चढताना आईने पिशवी छातीशी धरली होती. पिशवीत घरची साधी उशी होती, खोळ तेवढी धुतलेली. मागून मुलगा येत होता आणि त्याच्यासोबत त्याचा जोडीदार. दोघांचं लग्न होऊन महिना झाला होता. "एकदाच येईन," मुलाने घरी बजावलं होतं, "कुणी तोंड वाकडं केलं तर परत इथे पाऊल टाकणार नाही." मुलगा शब्दाचा पक्का. तो कुणावर गेलाय ते आईला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तिने घरची उशी बरोबर घेतली होती.

दारावर जुनी पाटी होती: इथे सर्वांना जागा आहे. आजोबा-पणजोबांच्या काळापासून तीच अक्षरं, फिकी पडली की पुन्हा रंगवलेली. आज आईला त्या पाटीचा भरवसा वाटेना. पाटी रंगवायला काय लागतं, डबाभर रंग आणि एक शिडी.

इथली खरी जागा उशीची. मंडळीत नवं माणूस आलं, मग ते जन्माने येवो, लग्नाने येवो की नुसतं वाट चुकून, शिवणमंडळातल्या बायका त्याच्यासाठी गुडघे टेकायची उशी शिवत, तिच्यावर भरतकाम करत आणि त्या घराच्या बाकासमोर खुंटीला टांगत. घरच्या बाईने तिच्यात एक टाकाही घालायचा नाही, हा नियम. पहिली उशी म्हणे एका फाशी देणाऱ्याची. गावात कुणी त्याच्या शेजारी बसेना, म्हणून बायकांनी ती शिवली. कसरीने अर्धी खाल्लेली ती उशी अजून वेदीजवळ टांगलेली आहे. पाळकसाहेब दर वर्धापनदिनी तिची गोष्ट सांगतात आणि मंडळी दर वर्षी माना डोलावते.

आईही त्याच मंडळातली, पण अलीकडे ती शिवणखोलीत शिरली की बायका गप्प व्हायच्या. टोपल्या झाकल्या जायच्या. मंडळाच्या प्रमुख टाचणीबाई, हे नाव अर्थात पाठीमागचं, तर तिच्याकडे बघायच्याही नाहीत. चुकलेला टाका त्या चारचौघींत उसवायला लावायच्या. त्यांच्याकडे उशीची गोष्ट काढायची आईची छातीच झाली नाही.

ती दोघांना घेऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसली आणि पिशवीतली उशी काढू लागली. तेवढ्यात काठीची टकटक ऐकू आली.

"इथे कुठे बसलात?" टाचणीबाई समोर उभ्या.

"इथेच बरं आहे, बाई."

"तुमचा बाक पुढे आहे." त्यांनी घरची उशी हातात घेतली, दाबून पाहिली आणि परत पिशवीत कोंबली. "ही झोपायला वापर."

त्या पुढे निघाल्या आणि हे तिघं त्यांच्यामागे. सगळ्यांच्या माना वळल्या. घरच्या बाकासमोर जुन्या उशांच्या ओळीत एक नवी कोरी उशी होती. निळी, आणि मधोमध पिवळ्या धाग्याचा विजेचा दिवा. जोडीदार वायरमन होता. मुलाने तो दिवा बोटाने चाचपला आणि मग बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला. आईला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर झाकलेल्या टोपल्यांवरून तिने लगेच ओळखलं असतं. स्वतःवर आलं आणि शहाणपण पेंड खायला गेलं.

जोडीदार आयुष्यात पहिल्यांदाच चर्चमध्ये आला होता. उशीचा मान राखावा म्हणून त्याने ती अलगद खुंटीवरून काढली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसला.

आसपासच्या माना पुन्हा वळल्या. मुलाने डोळे मिटले. फाशी देणाऱ्यापासून आजवरच्या उशांवर मंडळीने गुडघे टेकले होते. हा दिव्यावर बसला होता. आईने त्याच्या कोपराला हात लावला तोच मागच्या बाकावरून टाचणीबाई पुढे वाकल्या.

"बसू दे त्याला," त्या आईच्या कानाशी म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तूही अशीच बसली होतीस."

आई कानापर्यंत लाल झाली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते कुणी पाहिलंच नाही.

"मग उठवलं का नाही मला?"

"मी उठले होते की उठवायला. तुझ्या सासूने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे, घरचीच आहे."