पिवळं मेण

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहा वाजता औलीच्या लॉजमध्ये सावनीने आपल्या स्कींच्या तळाचं निळं मेण खरवडून काढलं. कपड्यांच्या इस्त्रीवर ती मेणाची पिवळी वडी वितळवत असताना प्रशिक्षक भोपळे सर दारात येऊन उभे राहिले.

"बाहेर उणे नऊ आहे. पिवळं मेण ओल्या बर्फासाठी असतं, कडक बर्फावर ते चिकटतं. सगळ्या संघाने निळंच लावलंय."

"त्यांचे नंबर सकाळचे आहेत, सर. मी शेवटची, साडेअकराला सुटणार. तोवर उन्हाने बर्फ ओला होईल."

"शेवटचा नंबर मिळालेल्यांनी मला मेण शिकवू नये. आज हरलीस तर पुढच्या वर्षी संघात नाहीस."

"बरं, सर," ती म्हणाली आणि पिवळ्या मेणावरून इस्त्री फिरवत राहिली.

साडेअकराला ती सुटली तेव्हा लख्ख ऊन होतं. अर्ध्या उतारावर तिची वेळ संघात सर्वांत कमी होती. तिथून खाली मात्र देवदारांच्या सावलीत बर्फ अजून कडकच होता. वेग जराही न आवरता ती सावलीत शिरली.