तक्रार मागे घ्या

केरूने हात जोडलेसुद्धा. रोह्याच्या त्या कॉम्प्युटर संस्थेचे संचालक हैबतराव नुकतेच म्हणाले होते, "मुलीला उद्यापासून पाठवा. फक्त पुण्याला अपंग आयुक्तांकडे केलेली तक्रार तेवढी मागे घ्या."

पेणजवळच्या मिठागरात जन्म घालवलेल्या केरूला आणखी काय हवं होतं? त्याची मुलगी सुरभी जन्मापासून आंधळी. मुंबईच्या अंधशाळेत ती बोलक्या कॉम्प्युटरवर शिकली. पडद्यावरची अक्षरं तो मोठ्याने वाचून दाखवी. या संस्थेची प्रवेशाची सूचना वेबसाइटवर लागली तेव्हा मात्र तो एवढंच बोलला, 'चित्र.' संस्थेने छापील कागदाचा फोटो तसाच चिकटवून दिला होता; फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरला वाचता येत नव्हती. मुदत टळून गेल्यावर सुरभीला खरं काय ते कळलं. अपंगांसाठी नवा कायदा आला होता. त्याचा आधार घेऊन तिने तक्रार ठोकली.

"आणि वेबसाइट? ती बदलाल ना सर?" सुरभीने विचारलं.

"ती कशाला? तुझं काम झालं ना!" हैबतराव समजुतीने हसले.

सुरभी गप्प झाली. मग वडिलांच्या दिशेने वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगाल तसं."

केरूला हा सौदा ओळखीचा वाटला. मिठागरात मजुरांनी प्यायचं पाणी मागितलं की ठेकेदार त्यांच्यातल्या एकाला मुकादम करायचा. बाकीचे तहानलेलेच राहायचे.

त्याने जोडलेले हात सोडले.

"नाय साहेब. तक्रार हाय तशी राहू दे."

निकाल लागेपर्यंत ती बॅच संपून गेली. पण संस्थेला सूचना साध्या अक्षरांत टाकावी लागली, आणि पुढच्या बॅचला सुरभीच्या शेजारी नागोठण्याचा एक आंधळा मुलगाही येऊन बसला.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतीच्या एसटीत सुरभी ओढणीत तोंड खुपसून रडत होती. केरूला वाटलं, पोरीच्या तोंडचा घास आपणच काढला.

"माझं चुकलं काय गो?" त्याने हळूच विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली आणि चाचपडत त्याचा हात धरला.

"मला नायच म्हणायचं होतं, बाबा. तुमच्यासाठी गप बसले होते."